मैदान बघून बूट

आमच्या शाळेचं मैदान वर्षातून तीनदा बदलतं. मे महिन्यात ते निव्वळ मुरूम असतं. पाय घसरला की गुडघा सोलून निघतो. जुलैत त्याच जागी घोटाभर चिखल होतो आणि चेंडू पडेल तिथेच बसतो. गणपती उठले की कडेकडेने हिरवळ धरते, दिवाळीपर्यंत टिकते, आणि तेवढे दिवस आम्ही खरोखरच्या गवतावर फुटबॉल खेळतो. पुढे गुरं आणि ऊन मिळून त्या गवताचा निकाल लावतात. बुटाच्या खोक्यावर मैदानाचा जो प्रकार छापलेला असतो, तो फार तर या गवताच्या दिवसांना लागू पडतो. बाकीच्या वर्षाचं काय करायचं, ते मुळशीतल्या क्रीडाशिक्षकाने स्वतःचं स्वतः ठरवायचं.

मी पौडच्या पुढच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. साहित्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. खोलीत चेंडू, जाळ्या, फक्कीचं पोतं, फाटके बिब आणि एका लोखंडी कपाटात बूट. नोकरीत माझा जेवढा वेळ मुलांना पास शिकवण्यात गेला, तेवढाच त्यांचे पाय आणि त्यांचे बूट पाहण्यात गेला असेल. मुलं बुटांना, तळाच्या खुंट्यांवरून, ‘स्टड’च म्हणतात. ‘सर, नवीन स्टड आणले’ असं सांगत पोरगं आलं की मी आधी बूट उलटा करतो. वरचा रंग नंतर बघू.

मुळशी हा कुस्तीचा तालुका. मामासाहेब मोहोळ इथल्याच मुठा गावचे; महाराष्ट्र केसरीची मानाची गदा त्यांच्या स्मरणार्थ दिली जाते. २०१७ साली ही स्पर्धा भूगावला झाली, तेव्हा अभिजित कटकेने ती जिंकली आणि आमच्या निम्म्या शाळेने ती प्रत्यक्ष पाहिली. त्यामुळे इथल्या बापांना खुराक कळतो, तालीम कळते, लाल माती कळते. पण फुटबॉलच्या बुटाला दीड हजार लागतात म्हटलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. ‘सर, लंगोटावर आमचं सगळं भागलं. ह्याला पायात घालाया एवढं कशाला?’ हा प्रश्न मला कधीच अडाणी वाटला नाही. दीड हजारांत घरातल्या चौघांच्या चपला येतात. तेव्हा त्या पैशात नक्की काय मिळतं, हे सांगता आलंच पाहिजे.

मुलांचा प्रश्न वेगळाच. १९५० साली भारताला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण ब्राझीलच्या विश्वचषकाला गेलो नाही, ही गोष्ट प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी ऐकून आलेलं असतं. ती गोष्ट ऐकायला छान आहे, पण तेव्हाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं होतं, की त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं, विश्वचषकाची फारशी कोणाला माहितीच नव्हती. अनवाणी खेळलो हे मात्र खरं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू बुटांविना फ्रान्सशी खेळले, दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि १-२ ने हरले. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं ते हेच ऑलिंपिक. त्यानंतर आपल्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. आज तर खेळाच्या चौथ्या नियमातच बूट आणि नडगी झाकणारे शिनगार्ड येतात. ते नसतील तर पंच मैदानात पाऊल ठेवू देत नाही.

बापांना मी एक दुसरी गोष्ट सांगतो, १९५४ च्या अंतिम सामन्याची. स्वित्झर्लंडमधलं बर्न, धो धो पाऊस, समोर हंगेरीचा तेव्हाचा बलाढ्य संघ. पश्चिम जर्मनीच्या संघासोबत आडी डासलर होता. आदिदास कंपनी त्याचीच. जर्मन खेळाडूंच्या बुटांचे स्टड आट्यांचे होते, म्हणजे काढून बदलता येणारे. मैदान ओलं झालं तसे लांब स्टड बसवले गेले. दोन गोलांनी मागे पडलेला जर्मनीचा संघ ३-२ ने जिंकला. सगळं श्रेय बुटांना देणं भाबडेपणाचं होईल. पण मैदान बदललं तसा बूट बदलला, एवढी गोष्ट शेतकरी माणसाला लगेच पटते. तोही नांगराचा फाळ जमीन बघूनच लावतो.

आता बूट उलटा करून काय बघायचं ते. बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात आणि ते खोक्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात. एफजी म्हणजे टणक पण गवताळ मैदानासाठी : दहा-बारा स्टड, कडक प्लास्टिकचा तळ. एसजी म्हणजे मऊ, ओल्या मैदानासाठी : सहा-आठ लांब स्टड, टोकाला बहुधा धातू. एजी कृत्रिम गवतासाठी : स्टड आखूड आणि संख्येने जास्त. टीएफ म्हणजे टर्फ : तळाला रबराच्या बारीक बारीक गुठळ्यांची दाट रांग. दुकानात सर्वांत जास्त चमकतात ते एफजी, कारण टीव्हीवरचे खेळाडू तेच घालतात. २०१४ पासून काही वर्षं बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने होत होते. ते बघून आलेली आमची पोरं पोपटी आणि केशरी बुटांची स्वप्नं बघायची. टीव्हीवरचं मैदान रोज कापलेलं आणि पाणी मारलेलं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

मुरमावर एफजी घातला की काय होतं, ते ध्यानात घ्या. स्टड हा जमिनीत रुतण्यासाठी असतो. मुरमात तो रुततच नाही. मग पोराचं सगळं वजन दहा-बारा टोकांवर उभं राहतं आणि प्रत्येक टोक तळव्यात उलटं टोचतं. आठवड्याभरात ‘सर, टाच दुखते’ सुरू होतं. वाढीच्या वयात, साधारण आठ ते चौदा वर्षांच्या दरम्यान, टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून नीट जुळलेला नसतो. पोटरीचा स्नायू तिथेच ओढ देतो आणि कडक जमिनीचे दणके तिथेच बसतात. पालक म्हणतात, पोरगं नाटक करतंय. ते नाटक करत नसतं. त्याला काही दिवस धावणं कमी करायला सांगावं, बूट बदलावा आणि तरीही दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. शिवाय मुरूम स्वतः कानशीच असतो. उन्हाळी शिबिरात घातलेल्या एफजीचे स्टड जूनपर्यंत झिजून निम्मे होतात, तेही एका बाजूने. मग बूट चिखलात धरत नाही आणि मुरमावर डुगडुगतो.

मुरमासाठी टीएफच. रबराचा तळ दणका झेलतो, वजन सगळ्या तळव्यावर पसरतं, आणि तोच बूट भाड्याच्या टर्फवरही चालतो. हल्ली भूगाव, पिरंगुट, हिंजवडीच्या बाजूला तासावर मिळणारी जाळीतली टर्फ निघाली आहेत. मोठी मुलं वर्गणी काढून तिथे जातात. तिथे एफजी घालून, त्यातही स्टडऐवजी पात्या असलेला बूट घालून, खेळायला माझा ठाम विरोध आहे. कृत्रिम गवतात पाती अडकते, पाय तिथेच राहतो, अंग वळतं, आणि मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. गवताचं ढेकूळ उपटून निघतं तरी, कृत्रिम गवत सोडत नाही.

चिखलात मात्र टीएफ कुचकामी. त्या बारीक गुठळ्यांमध्ये पाचच मिनिटांत माती भरते, तळ गुळगुळीत होतो आणि पोरं उभ्या उभ्या आडवी होतात. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात असतात. पुणे ग्रामीणच्या सामन्यांना आम्ही जातो ते अंगावरचे कपडे पिळत. अशा वेळी गोल स्टडचा एफजी बरा : गोल स्टडमधून चिखल सुटतो आणि पाय वळवायला मोकळा राहतो. एसजीचा धातूचा स्टड आमच्याकडे मी घालू देत नाही. वर चिखल दिसतो, पण वीतभर खाली दगड असतो. स्टड त्यावर आपटला की घसरतो, आणि समोरच्याच्या नडगीवर आला तर शिनगार्डसुद्धा पुरत नाही.

तेव्हा एकाच जोडाचे पैसे असतील तर तो टीएफ घ्यावा. हा माझा निर्णय पुण्यातल्या अनेक प्रशिक्षकांना मान्य होणार नाही, कारण त्यांच्या वाट्याला हिरवी मैदानं येतात. माझ्या वाट्याला मुरूम आला आहे.

मापाबद्दल बोलायचं तर ते दुकानातच ठरतं, म्हणून शक्य तेव्हा मी पालकांसोबत जातो. एकदा पुण्यातल्या एका दुकानात आमच्या सातवीतल्या मुलीची आई विक्रेत्याला म्हणाली, ‘दोन नंबर मोठाच द्या दादा, पुढच्या वर्षी पण चालंल.’ विक्रेत्याने तत्काळ दोन नंबर मोठा काढला. त्याचं काय जातंय! मी म्हटलं, ‘ताई, थांबा जरा.’ पोरीला सरावाचे जाड मोजे घालायला लावले. बूट घालून टाच मागे आपटायला सांगितली, मग नाड्या बांधल्या. पुढे अंगठ्यापुढची जागा दाबून बघितली. करंगळीच्या रुंदीएवढी हवी, त्याहून जास्त नको. मग तिला चवड्यांवर उभं केलं. टाच बुटातून वर निघाली. एवढ्या सैल बुटात धावताना पाय पुढेमागे सरकतो, टाचेला फोड येतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. एक नंबर कमी केला तर बाजूने करंगळीचा सांधा कापडातून वर आला. बूट लांबीला बरोबर, रुंदीला कमी. मुलींच्या मापाचे फुटबॉलचे बूट आपल्याकडे दुर्मीळ, तेव्हा मुलांच्याच ढिगातून शोधावं लागतं. शेवटी एका साध्या देशी कंपनीचा रुंद बूट तिला बसला, आणि तो त्या रंगीत बुटाच्या निम्म्या किमतीचा होता.

रुंदीची ही रड काही एकट्या आमच्या मुलांची नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सरासरीने रुंद निघाले. त्यावरून भारतीयांसाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. ती दुकानात येईपर्यंत आपण ब्रिटिश नंबरात पाय कोंबत राहणार. शेतात अनवाणी वाढलेल्या पोरांचे चवडे तर आणखी पसरलेले असतात. म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आणि आपला मोठा पाय उजवा की डावा हे बघून त्या पायाचं माप धरावं.

टिकाऊपणा बघायला मी बूट हातात घेऊन वाकवतो. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे पाय वाकतो तिथे. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्यावा. मग पुढच्या टोकाला तळ आणि वरचं कापड जिथे भेटतात ती शिवण. तिथे नुसता डिंक असेल, दोरा दिसत नसेल, तर बूट खेळायच्या आधी शिवून घ्यायचा. हे वाचून शहरातल्या वाचकांना हसू येईल, पण नवा बूट सरळ मोच्याकडे नेणं ही आमच्याकडची रीत आहे. बाजारात बसणारे एक काका आहेत. ते तिपाई ऐरणीवर बूट पालथा घालतात, दोऱ्याला मेण लावतात, आरीने तळाच्या कडेला भोक पाडतात आणि त्यातून दोरा दोन्ही बाजूंनी ओढून गच्च आवळतात. स्टडच्या प्लास्टिकमध्ये आरी घालायची नाही, तिथे तडा जातो, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. हाताला कळलेलं आहे. टाके मारून झाले की ते अंगठ्याने कड वरखाली करून बघतात आणि म्हणतात, ‘आता फाटंल ते कापड, तळ न्हाय सुटायचा.’ थोडे पैसे जातात आणि बुटाचा एक मोसम वाढतो. खेळाच्या साहित्यात याहून स्वस्त विमा मला माहीत नाही.

निगा राखण्याच्या गोष्टी मुळशीत वेगळ्याच होतात, कारण इथला पाऊस. २०२४ च्या जुलै अखेरीस ताम्हिणी घाटात एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्याहून फार कमी नव्हे. अशा हवेत बूट आठवडाभर वाळत नाही. मग घरोघरी एकच उपाय : चुलीवर टांगायचा. भिजलेलं घोंगडं, सरपण, बूट, सगळं एकाच मांडणीवर. बुटाचा डिंक उष्णतेने सुटतो, वरचं कापड आक्रसतं, तळ तोंड उघडतो. जुलैतल्या सोमवारी माझ्याकडे येणाऱ्या बुटांना धुराचा वास आला, की काय झालं ते मला विचारावं लागत नाही.

उपाय साधा आहे, फक्त चिकाटी मागतो. खेळ संपला की दोन्ही बूट तळाला तळ लावून आपटायचे. ओला चिखल काडीने काढायचा. तळ पाण्याने, वरचा भाग ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने. बूट बादलीत बुडवून ठेवायचे नाहीत, धुण्याच्या यंत्रात तर मुळीच नाहीत. नाड्या पूर्ण सैल करायच्या, आतला पातळ तळवा काढून वेगळा ठेवायचा, आणि पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. तासाभराने बोळे ओले होतात. ते बदलायचे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. ओला कागद रात्रभर आत राहिला तर तो पाणी धरून बसतो. शाळेत रद्दीचा गठ्ठा याच कामासाठी राखलेला आहे. एकाने कागदाऐवजी भाताचं तूस मोज्यात भरून आणलं होतं. कल्पना चांगली, पण दोन दिवसांत उंदरांनी मोजा आणि बूट दोन्ही कुरतडले. सावलीत, वारा लागेल अशा जागी, आडवा ठेवून वाळवणं हेच खरं. घरी पंखा असेल तर उत्तम. बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दप्तरात ठेवणारं पोरगं दिसलं की मी पिशवी तिथेच फाडतो.

मैदान आखायला कुठे कुठे फक्कीऐवजी चुना टाकतात. ओल्या चुन्यावरून खेळून आलेले बूट त्याच दिवशी पुसावेत. चुना चामडं खातो, कातडीही खातो.

आणि पाय. भातलावणीच्या दिवसांत आमची अर्धी टीम सकाळी खाचरात असते आणि दुपारी ओल्या बुटात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, पांढरी कातडी सुटते, आग होते. बूट कितीही महागाचा असो, असल्या पायाला तो नकोसाच होतो. मी वर्गात येऊन मुलांना बोटं फाकवायला लावतो तेव्हा मुली लाजतात, मुलं खिदळतात. त्यांना सांगतो, पाय धुवा, बेचक्या कोरड्या पुसा, कोरडा मोजा असेल तरच बूट घाला, नाहीतर त्या दिवशी बाहेरून बघा. चिघळलं असेल त्याला ग्रामीण रुग्णालयात धाडतो, मलम मिळतं.

आता ते लोखंडी कपाट. त्यात शाळेचे बूट आहेत. म्हणजे ज्या मुलांचे पाय मोठे झाले त्यांचे. वाढीच्या वयात पाय वर्षात एक-दोन नंबर सहज वाढतो, बूट मात्र निम्माच वापरलेला असतो. असा बूट घरात माळ्यावर पडून राहिला की दोन-तीन पावसाळ्यांत न वापरताच मरतो : फोमचा भुगा होतो, डिंक सुकतो, तळ हातात येतो. वापरात राहिला तर जास्त जगतो. म्हणून आमचा नियम असा, की छोटा झालेला बूट कपाटात आणायचा आणि आपल्या मापाचा न्यायचा. पैसे नाहीत, नोंदवही आहे. टाचेच्या आत पेनाने नंबर लिहितो. चिखलासाठीचे एफजी याच कपाटातून निघतात, म्हणून घरच्यांना टीएफ एकच घ्यावा लागतो. दुसऱ्याचा बूट घालायला सुरुवातीला काही पालकांनी नाकं मुरडली. आतला तळवा बदलून, वाळवून देतो हे दाखवलं तेव्हा ती कुरकुर थांबली. सर्वांत आधी संपतात ते चार आणि पाच नंबर. आठ नंबरचे कपाटात धूळ खातात, कारण त्या वयाची मुलं पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला लागलेली असतात.

पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये अनेक घरांच्या गॅलरीत लहान झालेले फुटबॉलचे बूट पडून असतील. ते धुवा, सावलीत वाळवा, दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधा, चिठ्ठीवर नंबर लिहा आणि गावाकडच्या जवळच्या एखाद्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाला नेऊन द्या. तीन ते सहा नंबर असतील तर आधी द्या. तळ सुटला असेल तरी चालेल, आमच्याकडे शिवणारे काका आहेत. धातूच्या स्टडचे मात्र नकोत.